विमलाबाई प्रायव्हेट लिमिटेड होतात

कोपर स्टेशनकडून चालत आलं, की विमलाबाईंचं पोळी-भाजी केंद्र डोळ्यांआधी नाकाला सापडतं. बाई साठीच्या, मूळच्या संगमेश्वरकडच्या. वाढायला लागल्या की समोरच्याचं 'पुरे' त्यांना ऐकूच येत नाही. डब्यात एक पोळी जास्तीची घालून वर गिऱ्हाइकालाच "वाळलायस किती" म्हणून दम भरतात. अशा बाईला 'लिमिटेड' हा शब्द झोंबणारच.

झालं असं, की ठाण्याच्या एका कारखान्याने कँटीनचं काम देऊ केलं, पण करार नोंदणी झालेल्या कंपनीशीच करणार म्हणाले. केंद्राचा बाहेरचा सगळा व्यवहार सून रसिका बघते. ती हरखली. पोळ्या भाजता भाजता तिने विषय काढला, "आई, आपण प्रायव्हेट लिमिटेड होऊया."

विमलाबाईंचं लाटणं थांबलं. "म्हणजे ती लिमिटेड थाळी? दोन पोळ्या नि वाटीभर भात? माझ्या हातून नाही व्हायचं. लोकं तोंडात शेण घालतील."

रसिका हसून हसून खाली बसली. पण थाळी हे निमित्त होतं, हे तिलाही ठाऊक होतं. शहाडला विमलाबाईंच्या यजमानांचा, सहदेवरावांचा छापखाना होता, त्यांच्या एकट्याच्या नावावर. तो बुडाला आणि त्याच्या पाठोपाठ राहतं घरही गेलं. पुढे यजमान गेल्यावर बाईंनी पोळ्या लाटून कोपरला दोन खोल्या घेतल्या. धंदा वाढवायचा म्हटलं की त्यांना त्या दोन खोल्यांची धास्ती वाटायची.

शेवटी रसिकाने ओळखीच्या सीएला, अंतराला घरी बोलावलं. अंतरा हुशार. आधी पोटभर जेवली, मग बोलली.

"काकू, लिमिट जेवणाला नाही, जबाबदारीला. कायद्याच्या नजरेत कंपनी म्हणजे एक वेगळं माणूसच. तिचं देणं तिचं. बुडालीच तर तुम्ही तिच्यात घातलेलं भांडवल जाईल, घराला हात लागणार नाही. फक्त स्वतःच्या नावाने हमी लिहून देऊ नका, कुणी कितीही गोड बोललं तरी. आणि उद्या तुम्ही थकलात तरी कंपनी चालू राहते."

"म्हणजे घरात आणखी एक माणूस. ती जेवते काय गं?"

"जेवत नाही. टॅक्स मात्र वेगळा भरते."

विमलाबाई हसल्या आणि हसता हसताच त्यांचे डोळे भरून आले. "ह्यांना तेव्हा कुणी सांगितलं असतं तर," एवढंच त्या म्हणाल्या आणि सहीला तयार झाल्या.

सासू आणि सून अशा दोघी डायरेक्टर झाल्या. कँटीन सुरू झालं. कंपनी आता बाईंना पगार देते, म्हणून "या वयात नोकरीला लागले" असं त्या भाजीवाल्यापासून डॉक्टरपर्यंत सगळ्यांना ऐकवतात.

शहाडचं घर सोडताना दारावरची पाटी विमलाबाईंनी स्वतःच्या हाताने उतरवली होती. कोपरच्या दारावर त्यांनी पाटी कधी लावलीच नाही. आज आहे, उद्या नाही, त्या घराला नाव कशाला, असं त्यांना वाटायचं. परवा मात्र त्यांनी नवी पाटी करून आणायला सांगितली. रसिकाने कंपनीच्या नावाची करून आणली आणि घराच्या दारावर धरून बघू लागली.

"ती केंद्रावर ने," बाई म्हणाल्या. "इथे माझ्या नावाची लाव. हे घर माझं आहे."