अग्रलेखाच्या मागचं पान

तीन दिवसांपासून आमच्या कारंजेकरांच्या ग्रुपवर एकच चाललंय... विद्यापीठाच्या पत्रकारिता ग्रंथालयाने आबांच्या जुन्या साप्ताहिकाची पानं ब्लेडने कापली म्हणे. तिथल्या ग्रंथपाल बाईंना लोक नाव घेऊन बोलू लागलेत, म्हणून हे लिहिते आहे. नाहीतर लिहिलं नसतं.

पानं मी कापली. पन्नास वर्षांपूर्वी, कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला असताना.

आबा म्हणजे माझे आजोबा. तीस-चाळीसच्या दशकांत कारंज्यात त्यांची प्रेस होती आणि तिथून चार पानांचं साप्ताहिक निघायचं. पहिल्या पानावर मधोमध आबांचा अग्रलेख... आणि त्याच्या बरोबर मागे, दुसऱ्या पानावर, 'गावखबर' हे सदर.

गावखबर आत्याआजी लिहायची. आबांची बहीण, लहान वयात विधवा होऊन माहेरी परतलेली. बाजाराच्या दिवशी ती प्रेसच्या ओट्यावर बसायची आणि खेड्यांतून आलेल्या बायांना विचारायची... विहिरीला पाणी किती, कोणाकडे ताप आहे, शाळेत मास्तर येतो की नाही. तेच लिहून छापायला द्यायची. खाली नाव कधी नसायचं. घरात सगळ्यांना ठाऊक होतं, आणि कोणालाच त्याचं काही वाटत नव्हतं.

आबांच्या वर्षश्राद्धाला त्यांच्या अग्रलेखांचा अल्बम करायचं ठरलं. काम माझ्याकडे आलं, कारण घरात शिकलेली मी. फाइली समोर घेऊन बसले आणि एकेक अग्रलेख कापून चिकटवत गेले. चिकटवायला गव्हाची खळ लागायची... ती आत्याआजीनेच शिजवून दिली.

एक लेख कापताना ब्लेड सटकलं.

"सरळ काप वो बाई," ती शेजारून म्हणाली. "दादाची ओळ तुटन."

"मागं काय हाये?" मी विचारलं.

"खबरा हायेत, शिळ्या. त्या आता कोण वाचते."

मी पान उलटून पाहिलं नाही. बी.ए.ला माझा विषय इतिहास होता... आणि मी पान उलटून पाहिलं नाही. वाकडा तुकडा अल्बममध्ये शोभणार नाही म्हणून बाजूला टाकला आणि पुढचं कापायला घेतलं. आत्याआजी त्यानंतर दोन वर्षांनी गेली.

मागच्या वर्षी त्या फाइली मी ग्रंथालयाला दिल्या. बंद पडलेली पत्रं जपणारी जागा आहे ती. एकेक अंक स्कॅन करतात, मागेल त्याला प्रत देतात, आणि कोणत्या अंकाचं कोणतं पान फाटलंय हेसुद्धा कॅटलॉगमध्ये लिहितात. माझ्या उमेदीच्या काळात एवढी शिस्त मी फार कमी ठिकाणी पाहिली.

गेल्या महिन्यात त्या बाईंचा फोन आला. म्हणाल्या, "मॅडम, दुसऱ्या पानावर 'गावखबर' एवढा मथळा राहिलाय आणि खाली कापलेली खिडकी आहे. प्रत्येक अंकात. फक्त एक तुकडा सुटा सापडला, फाइलीत दाबलेला. वाकडा कापलाय."

त्या तुकड्याची मागची बाजू त्यांनी मला फोनवर वाचून दाखवली. 'रिठदच्या बाया सांगतात, खालच्या विहिरीचं पाणी पिऊन दोन लेकरं गेली. विहीर अजून उघडी आहे. ज्यांच्या हातात ती बंद करणं आहे, त्यांनी हे वाचावं.'

त्या अंकाचा अग्रलेख 'कर्तव्य' या विषयावर होता. आबांवर माझी माया होती, आजही आहे. पण कर्तव्यावरचे तसे लेख त्या ग्रंथालयात रॅकच्या रॅक भरून आहेत... त्या विहिरीबद्दल दुसऱ्या कोणीही लिहिलेलं नाही.

बाईंनी आणखी एक सांगितलं. खळीने चिकटवलेला कागद ओलाव्याने अलगद सुटतो, दोन्ही बाजू वाचवता येतात, आणि ते काम त्यांच्याकडे करतात. म्हणजे आत्याआजीच्या सगळ्या खबरा शाबूत आहेत... अल्बममध्ये, पालथ्या.

अल्बम माझा चुलतभाऊ सुधाकर याच्याकडे आहे. काचेच्या कपाटात, वर हार. मी तो मागायला गेले.

"आबाच्या लेखाले पाणी लावतं?" तो म्हणाला. "मागं काय हाये असं?"

"आत्याआजी आहे."

"तिच्या खबरा? तू बी ना ताई... लोकं हासतीन." त्याने चहा पाजला. अल्बम दिला नाही.

दुसऱ्या दिवशी ग्रुपवर ग्रंथालयाविरुद्ध पहिला मेसेज पडला. कोणाचा, ते वर जाऊन पाहा. पानं कोणी कापली हे त्याला पक्कं माहीत आहे, आणि आता तुम्हालाही. ज्यांनी ज्यांनी त्या बाईंना बोल लावला त्यांनी तो जाहीरपणे मागे घ्यावा. मला फोन करून काही उपयोग नाही.

सुधाकर, अल्बम तुझ्याकडे आहे. मी अजून वाट पाहते आहे... फार वर्षं पाहू शकणार नाही.

आत्याआजीने मला सरळ कापायला सांगितलं आणि मी तिचं ऐकलं. ब्लेड सटकून जेवढं एकदा वाकडं गेलं, तेवढंच तिचं अल्बमबाहेर उरलं.

काल ग्रंथालयात जाऊन दिलं ते असं : पानं मी कापली असं माझ्या सहीचं पत्र, एक. गावखबर लिहिणारीचं पूर्ण नाव, कॅटलॉगमध्ये घालण्यासाठी, एक. अल्बमच्या रकान्यात बाईंनी 'अप्राप्त' लिहिलं. त्या वाकड्या तुकड्यावर आता माझा हक्क नाही, हेही लिहून दिलं. त्याची पोच मिळाली ती जशीच्या तशी :

'सुटं कात्रण, एक. पुढील बाजू : अग्रलेख, अपूर्ण. मागील बाजू : गावखबर, पूर्ण.'