पहारा कुणी घेतला?

माझ्या वडिलांची सहा एकर जमीन मी आमच्या ह्यांच्या हाती दिली, ही चूक माझीच. दुसऱ्या कुणाला बोल लावण्यात अर्थ नाही.

अठ्ठावीस वर्षं हे नौदलात होते, शेवटी शेवटी कमांडर. मुलगी चालायला लागली तेव्हा हे समुद्रात, तिची बारावी झाली तेव्हाही समुद्रात. सुट्टी संपली की दारातून निघता निघता दर वेळी एकच सांगायचे, "निवृत्त झालो की रोज संध्याकाळचा चहा दोघांनी मिळून घ्यायचा. लक्षात ठेव." मी ठेवलं. दुसरं काही मी कधी मागितलंच नव्हतं.

निवृत्त झाल्यावर शेती करतो म्हणाले. आता जमिनीवर तरी राहतील म्हणून मी खूश. कसलं काय! पहिल्याच आठवड्यात अवजारांच्या खोलीत तक्ता लागला, कुणी किती वाजता कुठे उभं राहायचं त्याचा. रविवारी नऊला गोठ्याची तपासणी. हे तुळईवरून पांढरा रुमाल फिरवायचे आणि डाग दिसला की गायीकडे बघायचे. रोजच्या वहीत नोंद: "वारा नैऋत्येचा, मंद. मिरचीवर मावा. तांबडी गाय डाव्या मागच्या पायाने लंगडते." टोमॅटोची रोपं दोरी ताणून, पट्टीने मोजून लावली. त्या वर्षी मर रोग आला, तर मेलीसुद्धा रांगेत.

एवढं मी हसण्यावारी नेलं. पण त्या पहाऱ्याने माझा जीव नकोसा केला.

विहिरीवरची मोटार जुनी. पाणी ओढता ओढता मध्येच हवा धरते, आणि लगेच बंद केली नाही तर जळते. तिच्यापाशी कुणीतरी हवं, हे मलाही मान्य. बारा ते चार हे, चारनंतर आमचा गडी. गडी वडिलांच्या वेळचा, साठी उलटलेला, पण वेळेचा पक्का. चारच्या ठोक्याला यायचा, "जा साहेब, ताई वाट बघत असतील" म्हणायचा आणि फावडं उचलून वाफ्याकडे निघून जायचा. झालं! दिवस मावळून वीज जाईपर्यंत हे तिथेच. कारण जहाजावरचा नियम असा, की येणाऱ्याने समोर उभं राहून सगळी परिस्थिती मोठ्याने बोलून दाखवायची आणि मग म्हणायचं, 'पहारा मी घेतला.' हे शब्द कानावर पडल्याशिवाय जागा सोडायची नाही. गड्याला किती वेळा शिकवलं. तो म्हणायचा, "मोटारीपुढे असलं भाषण करू? लोक हसतील, साहेब." तोही हट्टी, हेही हट्टी, आणि घरी माझा चहा गार. तीन वर्षं मी पाचला दोन कप मांडले आणि एक कोरडाच उचलून ठेवला.

मोतीबिंदूच्या ऑपरेशनच्या दिवशी मात्र हद्द झाली. दहाला दवाखान्यात पोचायचं होतं. "आठला येतो," म्हणाले. कांद्याला पाणी चालू होतं आणि पहाटेपासून हेच मोटारीपाशी होते. गडी पावणेआठला हजर झाला, पण आल्या आल्या गायीला वैरण घालायला वळला. साडेआठपर्यंत मी दारात उभी राहिले. मग दूधवाल्याच्या टेम्पोत बसून एकटी गेले आणि डोळ्याला पट्टी बांधून एकटीच परत आले.

हे अंगणात उभे, टोपी हातात. "मला कुणी मोकळंच केलं नाही गं."

"मोटारीचं बटण दाबायला काय झालं होतं?"

"बटण दाबलं तरी पहारा माझाच राहतो. अगं, तिथे जहाजावर आपल्या भरवशावर दोनशे माणसं झोपलेली असतात."

"इथे कांदे झोपलेत!" मी ओरडले. गोठ्यातली गायसुद्धा दचकली.

त्यानंतर आठ दिवस मी ह्यांच्याशी बोलले नाही. मुलगी फोनवर म्हणाली, "आई, तू माझ्याकडे ये. कायमची ये." मी बॅग भरली. पाचची बस होती. साडेतीनला बॅग घेऊन, काळा चष्मा लावून मी विहिरीवर गेले. न सांगता जायचं नव्हतं. ते ह्यांनीसुद्धा कधी केलं नव्हतं.

हे भर उन्हात टोपी घालून ताठ उभे होते. फक्त एक हात खांबाला टेकलेला. मला पाहिलं आणि तोही काढून घेतला. पायांवर चांगलीच सूज होती. मला एकदम रडू आलं आणि रडू आलं म्हणून आणखी राग आला. सांगायला आले होते एक, तोंडातून निघालं भलतंच.

"वारा नैऋत्येचा, मंद. मोटार चालू. तिसरा वाफा भिजतोय. पहारा मी घेतला."

हे माझ्याकडे बघतच राहिले. मग टाचा जुळवून म्हणाले, "पहारा दिला." आणि लंगडत घराकडे गेले. जाताना बॅगेवर त्यांची नजर गेली.

चारला गडी आला. "ताई, तुम्ही इथे?" म्हणाला आणि नेहमीसारखा फावडं घेऊन गेला. आता ह्या बाबाला काय म्हणावं! पाचची बस समोरच्या रस्त्याने धुरळा उडवत गेली आणि मी मोटारीपाशी अडकून बसले.

सव्वापाचला हे आले. काखेत थर्मास, हातात दोन कप. बॅग आडवी करून तिच्यावर कप मांडले आणि माझ्या शेजारी कट्ट्यावर बसले.

"वारा पडलाय," हे म्हणाले. "मोटार चालू. पाचवा वाफा भिजतोय." आणि थर्मासचं झाकण फिरवू लागले.

"पुढचं म्हणा की! सोडा मला."

"चहा होऊ दे आधी," म्हणाले, आणि दोन्ही कप काठोकाठ भरले.