तलावातला खुणेचा दगड

हे मी बायकोलासुद्धा कधी सांगितलेलं नाही. आज तुम्हाला का सांगतोय — माझं मलाच नीट कळत नाही.

सन पंचावन्नच्या आसपास मी कुरखेड्याकडे ओव्हरसियर होतो. अंगात मस्ती भरपूर. तिथल्या एका तलावावरून दरसाल काठ्या निघायच्या. वरच्या गावाला धानासाठी सगळं पाणी हवं, खालच्या मासेमार ढीवरांना मासे जगण्यापुरतं तरी राहायला हवं. मी म्हटलं, माणसांची समजूत कशाला घालायची? व्यवस्थाच अशी बांधू की भांडायला जागा उरणार नाही.

तलावात खुणेचा दगड रोवला. पाणी उतरत त्यावरच्या रेघेला टेकलं की तुडूम — पाणी सोडायचं दार — बंद. उरलेलं पाणी माशांचं. दारावर सोमाजी, जंगलातल्या गावचा म्हातारा गोंड. त्याचं तिथे ना शेत ना जाळं, म्हणून दोन्हीकडच्यांचा त्याच्यावर विश्वास. यात पक्कं काय होतं — दगड की सोमाजी? मला दगडच वाटला.

उन्हाळ्यात तलावाचा चिखल झाला. मासे मेले. ढीवर काठ्या घेऊन पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, जमले. मी चिखलात उतरलो तर मांडीपर्यंत रुतलो — आणि उमगलं. खोली मोजताना माझा बांबूही असाच गाळात रुतला होता, आणि तो गाळ मी पाणी म्हणून धरला होता. म्हणून रेघ हातभर खाली आखली गेली होती.

सांगायला हवं होतं ना? सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हणालो, "दार वेळेवर लागलेलं दिसत नाही."

सोमाजीने दगडाकडे पाहिलं. "दगड काऊन खोटं बोलन, सायेब?" तो म्हणाला. "मलेच बरोबर दिसलं नसन."

त्याला काढलं. पावसाआधी डागडुजीच्या नावाखाली मी रेघ वर घेतली. पुन्हा तिथे मारामारी झाली नाही, वरिष्ठांनी माझी पाठ थोपटली. शांततेसाठी खोटं बोललो, असं मी स्वतःला कितीदा सांगितलं — थाप होती ती. मला माझं नाव वाचवायचं होतं.

दोन वर्षांनी सोमाजी बाजारात मोहफुलं विकताना भेटला. पायली भरली की नाही, हे तो दरवेळी बायकोला विचारत होता. "मले बरोबर दिसत नाई आता, सायेब," म्हणाला.

बाजाराच्या दुसऱ्या टोकावरून त्यानेच मला ओळखून हाक मारली होती. मी तेव्हाही गप्प राहिलो.