बाजीरावांची न संपणारी ड्युटी

बाजीराव खरात रिटायर झाले, पण त्यांची ड्युटी काही सुटली नाही. महापे एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीत ते कंट्रोल रूमला ऑपरेटर होते. समोर भिंतभर दिव्यांचं पॅनल. कुठे प्रेशर वाढलं, कुठे टाकी तापली की त्यातला एक लाल दिवा लुकलुकायचा आणि भोंगा कोकलायला लागायचा. काय बिघडू शकतं याचा सतत विचार करण्याचाच पगार त्यांना मिळत होता, आणि त्या कामात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. घरी तेच काम ते फुकट करत होते, म्हणून तर सगळे वैतागले होते.

कोपरखैरण्याच्या घरात गॅसचा कॉक दिवसातून किती वेळा तपासला जायचा ते विचारू नका. मुलगी पायल खारघरला दिलेली. तिने फोन उचलला नाही की सासूला फोन, सासूने नाही उचलला की सोसायटीच्या वॉचमनला. पायल बिचारी अंघोळीला गेलेली असायची. नातवाला शिंक आली की यांना न्यूमोनिया दिसायचा. छातीत धडधड, पोटात गोळा, तळहाताला घाम, आणि हे बारा महिने. बायको केशरबाई लग्न झाल्यापासून सांगत आल्या होत्या, "काय न्हाई होत. च्या घ्या." च्या घेऊन बाजीराव परत कॉक बघायला उठायचे.

अशा माणसाच्या घरात केशरबाईंच्या छातीत गाठ निघाली, आणि ते त्याला शेजारच्या गोजराबाईंकडून कळलं. जिन्यात त्या सहज विचारून गेल्या, "मंग वहिनीची तपासनी कवा हाय?" बाजीराव तसेच घरात आले. केशरबाई भाकरी थापत होत्या. त्यांनी हात थांबवला नाही.

"तुमाला सांगून काय करू?" त्या म्हणाल्या. "माझी गाठ ऱ्हाईल बाजूला आन् तुमचंच बीपी बघत बसावं लागंल. सुई घालून तुकडा काढनार हायेत. मी गोजराला घिऊन जाते. तुमी येऊ नका."

जगातल्या एकूण एक संकटावर पहारा देणाऱ्या या माणसाला खरं संकट घरात शिरलेलं दिसलं नव्हतं. ते एक वेळ त्यांनी सोसलं असतं. पण बायकोला स्वतःच्या दुखण्यात नवरा नकोसा झाला, हे त्यांच्या जिव्हारी लागलं.

एकदा कोणाला तरी दाखवा म्हणून पायल कितीतरी दिवस मागे लागली होती. आता ते आपणहून पालिकेच्या दवाखान्यात गेले. तिथली समुपदेशक मनस्वी पायलच्याच वयाची. बाजीराव तिच्यापुढे बसले आणि म्हणाले, "मॅडम, मला दुसरं काय नको. रिपोर्टच्या दिवशी मिसेसने मला बरोबर न्यावं, एवढं करून द्या."

मनस्वीने त्यांना शांत बसून श्वासाकडे लक्ष द्यायला सांगितलं. भीती शरीरात कुठे जाणवते ते बघायचं, म्हणाली. बाजीरावांना हे नवीन नव्हतं. विहारात ते आनापानाला, म्हणजे श्वासावरच्या ध्यानाला, बसत, आणि डोळे मिटल्यावर वरचा पंखा कधी पडेल याचा विचार करत. तरी त्यांनी नेमाने केलं आणि पुढच्या खेपेला तावातावाने आले.

"श्वास घेऊन घेऊन दमलो, मॅडम. भीती जात नाय."

"तुम्ही तिला घालवायला श्वास घेताय, काका. ती जाणार नाही कदाचित." मग तिने विचारलं, "कंपनीत भोंगा वाजला की पहिलं काय करायचात?"

"बटन दाबायचं. म्हंजे आमी बघितलं. भोंगा गप होतो."

"आणि दिवा?"

"दिवा ऱ्हातो की. प्रेशर उतरेपर्यंत ऱ्हाणारच."

"भोंगा तसाच वाजू दिला तर?"

"डोकं चालत नाय. माणूस घाईघाईत भलताच व्हॉल्व फिरवतो." आयुष्यभर आपण घरात कुठले कुठले व्हॉल्व फिरवले, ते त्यांच्या नजरेसमोर येऊ लागलं असावं.

चमत्कार वगैरे काही झाला नाही. पायलला फोन लावायची उबळ आली की ते हात मांडीवर ठेवून बसत, मनात 'बघितलं' म्हणत, आणि छाती धडधडायची तर धडधडू देत. पुष्कळदा हरत आणि फोन लावत. तुकडा काढायला केशरबाई गोजराबाईंबरोबर गेल्या, त्या दिवशी मात्र ते घामाघूम होऊन घरी बसले, पण एकही फोन केला नाही. बायको आल्यावर प्रश्नांची सरबत्ती न करता त्यांनी चहा टाकला. साखर जास्त झाली. केशरबाईंनी तो मुकाट्याने प्यायला आणि नवऱ्याकडे जरा रोखून पाहिलं.

रिपोर्टच्या दिवशी चपला घालता घालता त्या म्हणाल्या, "यायचं तर चला. पन तिथं माझ्या जिवाला घोर लावू नका."

डॉक्टरांनी सरळच सांगितलं. कॅन्सर आहे, काखेपर्यंत गेलाय. ऑपरेशन, मग केमो, आणि पुढचं पुढे बघू. दोघं बाहेर येऊन बाकावर बसले. समोरून स्ट्रेचर जात होतं, कोणीतरी नंबर पुकारत होतं.

इतकी वर्षं बाजीराव ज्याला भीत आले, ते सगळं खोटं निघत गेलं होतं. हे खरं होतं. सवयीने त्यांनी बायकोकडे तोंड वळवलं. ओठावर नेहमीचाच प्रश्न होता, 'काय होणार तर नाय ना?' आणि तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की धीर मागायला आपण चाललोय तो हिच्याकडेच, आजसुद्धा. त्यांना स्वतःची लाज वाटली. त्यांनी तो प्रश्न गिळला. भीती होती तिथेच होती. तिला त्यांनी राहू दिलं.

"मला भ्या वाटतंय, केशर," ते एवढंच म्हणाले, आणि पुढे काही मागितलं नाही.

केशरबाईंनी पदराचा काठ चाचपला. मग खाली बघूनच बोलल्या, "मला तर गाठ लागली तवापासून वाटतंय. त्याच्या आदीबी लई वेळा वाटलं. पायलच्या बाळंतपनात, तुमच्या कंपनीत आग लागली तवा. पन तुमीच इतके भ्यायचे, मंग मी कवा भ्यावं?"

त्यांनी तोंडात पदराचा बोळा कोंबला, तरी रडण्याचा आवाज फुटला. बाजीरावांनी इतक्या वर्षांत ही बाई रडताना पाहिली नव्हती. तिला गप्प करावं, पायलला बोलवावं, डॉक्टरांकडे परत धावावं, सगळं त्यांच्या अंगात उसळत होतं. त्यांनी तिचा हात धरला आणि तिचं रडून होईपर्यंत ते तिथेच बसून राहिले.