खदानीकडून आलेला सिग्नल

आधीच सांगते — मी केजच्या एका कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स शिकवते. स्टाफरूममध्ये भुताखेतांचा विषय निघाला की चहाचा कप घेऊन बाहेर पडणारी बाई मी. आजही मत बदललेलं नाही. पण हे माझ्याच घरी, भर दुपारी साडेतीनला घडलंय...

आमचं घर सिरसाळ्याजवळच्या वस्तीवर. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी तिथं एक प्रयोग लावला होता. शेजारचे बाबूआण्णा शेरडं राखतात. त्यांच्या म्होरक्या बकरीच्या गळ्यात छोटा ट्रान्समीटर बांधला. आमच्या गच्चीवर दोन अँटेना, दोन रिसीव्हर. बकरी कुठल्या दिशेला आहे ते काढायचं काम खाली लॅपटॉपमधलं सॉफ्टवेअर करणार. दोन कानांमुळे आपल्याला आवाजाची दिशा कळते, तसंच. अट एकच — दोन्हीकडचे सिग्नल सॉफ्टवेअरच्या सगळ्या टप्प्यांमधून एकाच क्षणाला धरून पुढं सरकले पाहिजेत. एक जरासा मागं राहिला की दिशा चुकली. पंधरा दिवस माझं नेमकं तेवढंच जुळत नव्हतं. रोज फरक वेगळा!

त्या दुपारी शेरडं एकटीच परत आली. म्होरकी नाही, आण्णा नाहीत. त्यांची बायको, आमच्या काकू, धावतच आल्या.

"वैशे, आण्णा कुठं दिसंनात गं. फोन बी लागंना."

माझ्या भावानं, दत्तानं, गाडी काढली. आण्णा रोज तळ्याकडं जायचे, तो तिकडंच निघाला. मी लॅपटॉप सुरू केला. स्क्रीनवर सॉफ्टवेअरमधला मागं-पुढं फरक शून्य; उरला तो फक्त दिशेमुळं पडणारा. अडकलं असेल म्हणून बंद करून पुन्हा लावलं... पुन्हा शून्य. आणि दिशा तळ्याची नाहीच — डोंगराकडच्या बंद खदानीची.

"दत्ता, थांब! खदानीकडं घे."

"ताई, तुझं मशीन कधी बरोबर आलंय का?"

"आज आलंय. चल."

आण्णा खदानीत खाली पडलेले. पाय मोडलेला, ओठ कोरडे ठक्क. म्होरकी त्यांच्याजवळ उभी. वरून हाक मारली तर पुटपुटले, "ही घसरली म्हणून उतरलो... पाणी हाय का?" मला तिथंच रडू फुटलं. त्या उन्हात अजून दोन तास गेले असते तर अवघड होतं, असं डॉक्टर म्हणाले.

संध्याकाळी आईला मोठ्या ऐटीत सांगत होते, दोन्ही अँटेना कसे जुळले ते. आई म्हणाली, "दोन्ही कुठले? एक तर म्या सकाळीच काढून न्हाणीत ठिवला. कुरडया वाळू घालायच्या हुत्या."

जाऊन पाहिलं. अँटेना न्हाणीच्या कोपऱ्यात, केबल गुंडाळलेली. पण दुसऱ्या रिसीव्हरच्या फाईलमध्ये सिग्नल होता — स्वच्छ, वेळेत पहिल्याशी तंतोतंत जुळलेला.

कॉलेजातले एक सर म्हणाले, पहिल्याचाच सिग्नल दुसऱ्यात झिरपला असेल. तसं असतं तर दोन्हीत दिशेचाही फरक उरला नसता, दिशा कायम समोरचीच आली असती. खदान तिरपी पडते. सरांनी फाईल दोनदा तपासली आणि लॅपटॉप माझ्याकडं सरकवला.

पुढं मी दोन्ही रिसीव्हरना एकच घड्याळ जोडलं. आता सिस्टिम झकास चालते, मला तिचा कण अन् कण ठाऊक आहे. मुद्दाम अँटेना काढूनही कितीतरी वेळा पाहिलं... काहीही येत नाही.

आण्णा आता हिंडतात-फिरतात. एकदा त्यांना विचारलं, खाली पडल्यावर काय केलंत?

"लई हाका मारल्या."

"कुणाला?"

"कुणाला म्हंजी? जो ऐकंल त्याला."

कुणी ऐकल्या, ते मला अजून सांगता येत नाही.