तीन, चार, तीन, चार

२ एप्रिल १९४४, रविवार. रक्कम पंचाहत्तर रुपये, निजामाचा हाली सिक्का. हजर माणसं चार: नळदुर्गाहून बदलून चाललेले एक अंमलदार, मी, माझी पत्नी आणि सोलापूरच्या बँडमधले एक वयस्कर मास्तर. पियानो अंमलदारांचा होता. मास्तरांना तो तपासायला मीच बोलावलं होतं. पैसे पत्नीच्या पाटल्यांसाठी साठवलेले होते.

पियानो घ्यायचाच असं काही ठरलं नव्हतं. तपासून झाल्यावर मास्तरांनी सहज पाच पट्ट्या एकदम दाबल्या, आणि माझ्या अंगावर काटा आला. वीस वर्षं मी भजनात पेटी वाजवत होतो. सा आणि रे एकदम दाबले तर आमच्याकडं बुवा डोळे वटारतात. इथं तर सा खाली होता, रे पार वरच्या सप्तकात, आणि मधल्या तीन स्वरांनी दोघांना असं सांभाळून धरलं होतं की भांडण राहिलंच नव्हतं.

"मायनर नाइन्थ," मास्तर म्हणाले. "हिशेबी माणूस आहात, शेठ. तुम्हाला आकडेच देतो." त्यांनी चिठ्ठीवर लिहिलं: ३, ४, ३, ४. "कुठल्याही पट्टीवरून निघा, एवढ्या एवढ्या पायऱ्या चढा. काळी असो की पांढरी, दर पट्टी एक पायरी."

मी तिथंच पैसे मोजले. पियानो आणि मास्तरांना घेऊन घरी येताच पत्नीनं अट घातली. "एक महिना. तेवढ्यात तुमच्या हातून तेच निघालं, तर ठेवा. न्हाय निघालं, तर माझ्या पाटल्या."

"वहिनी, मग पंचाहत्तरलाच मी नेतो," मास्तर म्हणाले. "सोलापुरात गिऱ्हाईक आहे."

त्याच संध्याकाळी मी मोजायला बसलो. पांढरी एक, पांढरी दोन, पांढरी चार, पांढरी पाच, काळी पाच. वाजलं गोड. मी तिला हाक मारली.

"हा सारंग झाला," ती म्हणाली. माहेरी ती गाणं शिकली होती. "मास्तरांचं ते काळजाला लागलं होतं. हे नुसतं भरदुपारचं ऊन आहे."

मी पुन्हा मोजलं. रोज मोजलं. दुकान बंद करून आलो की आधी मोजायचं, मग जेवायचं. दर वेळी आकडे बरोबर आणि दर वेळी सारंग. सव्वीस दिवस गेले. ती आता सोनाराचं नाव काढू लागली होती.

सत्ताविसाव्या दिवशी ती माळवदावर कुरडया वाळत घालत होती. मी जिन्यात उभा होतो. वरून ती म्हणाली, "तीन पायऱ्या खाली उतरा, मग परात देते. इथं दोघं मावत न्हाईत."

मी उतरलो.

"दोनच उतरलात!"

"तीन. उभा होतो ती धरून."

"उभी पायरी कोण धरतंय? ते सुतकाचे दिवस आहेत का, पहिला धरून मोजायला?"

मी परात तशीच तिच्या हातात सोडून धावलो. सुतक, नवरात्र, दुकानातल्या व्याजाचे दिवस, सगळं आम्ही पहिला धरूनच मोजतो. पियानोही मी तसाच मोजत होतो! या वेळी जिथून निघालो ती पट्टी मोजलीच नाही. तीन: काळी दोन. चार: पांढरी पाच. तीन: काळी पाच. चार: वरची पांढरी दोन. सा, कोमल गंधार, पंचम, कोमल निषाद, वरचा रे. डाव्या हातानं सा, उजव्यानं बाकीचे चार. एकदम दाबले.

तेच! अगदी तेच!

मग पांढऱ्या दोनवरून तेच आकडे, मग काळ्या तीनवरून. कुठूनही निघा, चौदाव्या पायरीला रे भेटणारच. मी मोठ्यानं हसत होतो. ती दारात उभी होती, हाताला चीक तसाच. "पहिलं परत," ती म्हणाली. मी वाजवलं. तिनं गळ्यातून वरचा रे धरला आणि तिथूनच सावकाश गंधारावर उतरली.

ठरल्या दिवशी मास्तर आले ते दाराशी बैलगाडी घेऊनच. आम्ही दोघांनी त्यांना ऐकवलं. ते म्हणाले, "वहिनी, पाटल्या?"

"पुढच्या साली बघू," ती म्हणाली.

मास्तरांनी तपासणीचेही पैसे घेतले नाहीत. रिकामीच परत जाणाऱ्या गाडीचे तीन रुपये, हाली, पत्नीनं आपल्या डब्यातून काढून गाडीवानाला दिले.