भिंती मी रंगवल्या, चित्र जिन्याखाली

पहिल्याच दिवशी आम्हाला गोल करून बसवलं. नाव सांगा, गाव सांगा, घरी कलेचं वातावरण आहे का ते सांगा. माझ्या आधीच्या मुलीची आजी शिल्पकार होती. तिच्या आधीच्या मुलाच्या घरी म्हणे जुन्या चित्रांचा संग्रह. माझी पाळी आली. मी हिंदीत म्हणाले, परभणी जिल्ह्यातलं गाव, वडील रंगारी आहेत.

"मतलब पेंटर?" विभागाची गॅलरी सांभाळणाऱ्या मॅडमनी डोळे मोठे केले.

"घरं रंगवतात."

मॅडम हसल्या. "चलो, हमारी गॅलरी की दीवारों का टेन्शन तो गया!"

अख्खा वर्ग हसला. मीही हसले. हेच मला आजही सलतं. चांगली दात काढून हसले. दिल्लीतल्या एवढ्या मोठ्या विद्यापीठात, चित्रकलेच्या विभागात माझं नाव लागलं होतं. पहिल्याच दिवशी तोंड कशाला वाकडं करायचं, असं मला वाटलं.

मॅडम मराठी. करोल बागेत वाढलेल्या, घराणं तीन पिढ्या दिल्लीत. माझं आडनाव ऐकून त्यांनी एकदाच विचारलं, "म्हणजे तुम्ही कुठले गं नक्की?" मी सांगितलं, बौद्धवाड्यातले. "अच्छा अच्छा," म्हणाल्या आणि विषय बदलला. एरवी त्या माझ्याशी हिंदीत नाहीतर इंग्रजीत बोलायच्या. मराठी बाहेर निघायची ती भिंतीचं काम असलं की. "बाळा, तू तर आपली ना? बघ जरा."

आता भिंतीचं काम म्हणजे काय ते सांगते. प्रत्येक प्रदर्शन उतरवलं की गॅलरीच्या भिंतींना खिळ्यांची भोकं राहतात. पुढच्या प्रदर्शनाआधी ती पुट्टीने बुजवायची, वाळली की पॉलिश पेपरने घासायची, वरून पांढऱ्या रंगाचे दोन हात मारायचे. विभागाची रीत अशी, की हे विद्यार्थ्यांनी मिळून करायचं. पहिल्या वेळी आम्ही अकराजण होतो. तासाभरात चौघं राहिलो. दुपारी मी एकटी शिडीवर. "तुझा हात बसलाय यार, आम्ही केलं तर बिघडेल," असं म्हणून एकेकजण चहाला गेला तो गेलाच.

आणि हात बसलेला होताच, खोटं कशाला बोलू? आठवीपासून सुट्टीत अण्णांबरोबर, म्हणजे वडिलांबरोबर, कामाला जात होते. पट्टी कशी तिरकी धरायची, पुट्टी किती पातळ ओढायची, सगळं अण्णांनी शिकवलं. भिंत वाईट राहिली की मला झोप यायची नाही. त्या लोकांना हे बरोबर कळलं होतं. दोन वर्षं, प्रत्येक प्रदर्शनाआधी मी भिंती केल्या आणि बाकीच्यांनी तेवढ्या वेळात आपापली चित्रं पूर्ण केली.

शेवटच्या वर्षाचं प्रदर्शन आलं. हे खरं प्रदर्शन. बाहेरचे चित्रकार येतात, गॅलरीवाले येतात, भिंतीवर जे असेल ते बघतात आणि त्यातूनच पुढचं काम मिळतं. माझं चित्र सहा फुटी होतं. गावातल्या गुरुजींचं घर. हे घर अण्णा दर दिवाळीला रंगवायचे. ओसरी, माजघर, बाहेरच्या भिंती, सगळं. फक्त देवघराची भिंत गुरुजी स्वतः रंगवायचे. आमचा हात तिथे चालत नव्हता ना! आणि अगदीच भिकार रंगवायचे हो. खालपर्यंत ओघळ. तेच मी काढलं होतं. अख्खं घर नितळ रंगवलेलं आणि मधोमध ती एक ओघळलेली भिंत.

मी अण्णांना फोन केला. म्हटलं, या, माझं चित्र लागणार आहे. अण्णांनी नवा शर्ट शिवला. एक दिवस, एक रात्र जनरल डब्यात बसून ते आले. मुनिरक्यातल्या माझ्या खोलीत पिशवी ठेवली आणि विचारलं, "कवा दावतीस?"

उद्या, मी म्हणाले.

त्याआधीचे तीन दिवस मी भिंती करत होते. त्या तीन दिवसांत मॅडमनी कागदावर नकाशा काढून भिंती वाटून टाकल्या. त्या संध्याकाळी मी शिडीवरून उतरले तेव्हा माझ्या नावाची भिंत नव्हती. माझ्या जागेवर एका माजी विद्यार्थ्याच्या व्हिडिओचा मोठा स्क्रीन आला होता. तो आता परदेशात असतो, ऐनवेळी हो म्हणाला होता. "त्याला नाही कसं म्हणणार बाळा? तुझं आपण पुढच्या इव्हेंटला लावू, बिल्कुल." पुढचा इव्हेंट माझा नव्हताच. माझं शेवटचं वर्ष. मी एवढंसुद्धा बोलले नाही. शिफारसपत्र त्यांच्याच हातात होतं. माझं चित्र उचलून जिन्याखालच्या स्टोअरमध्ये ठेवलं, मोडक्या खुर्च्यांच्या मागे.

अण्णांना काय सांगू? काही सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांना तशीच घेऊन गेले. वाटलं होतं, जाताना बसमध्ये सांगेन. बसमध्ये त्यांना खिडकीतून दिल्ली दाखवत राहिले.

आत आल्याबरोबर अण्णा चित्रांकडे गेले नाहीत. भिंतीकडे गेले. तळहात फिरवला. डोकं एका बाजूला करून उजेडात बघितलं.

"ही कुणी केली?"

"मी."

"लई झाक बसलीय." अण्णांचं तोंड फुललं. "तुझं चित्र कुठंय?"

तेवढ्यात पाहुणे दारात आले आणि मॅडमची हाक आली. सकाळी कुणीतरी आपलं चित्र वीतभर डावीकडे सरकवलं होतं. जुन्या खिळ्याचं भोक अगदी डोळ्यांसमोर उघडं पडलं होतं. "बाळा, पटकन! दोन मिनिटांचं काम." मी धावत जाऊन पुट्टी आणि पट्टी आणली. माझ्या पायांना सवयच लागली होती.

अण्णांनी माझ्या हातातून पट्टी काढून घेतली. "ऱ्हाऊ दे माय, तुझी कापडं खराब व्हतील." आणि नव्या शर्टाच्या बाह्या वर सारून भोक बुजवायला लागले.

"देखिए!" मॅडम पाहुण्यांना म्हणाल्या. "इनके फादर हैं. असली पेंटर! कितना ब्यूटिफुल है, लाइव्ह!"

मोबाइल वर झाले. कुणीतरी टाळी वाजवली, मग सगळ्यांनीच वाजवल्या. अण्णांना काही कळेना. त्यांनी मान वळवली आणि फोटोसाठी हसले. दात काढून हसले, बिचारे. ते हसू मला ओळखीचं होतं.

"अण्णा, पट्टी खाली ठेवा."

"झालंच की."

"ठेवा म्हणते ना!"

ठेवली. मॅडम मराठीत कुजबुजल्या, "अगं, काय हे? पाहुणे आहेत."

मी मोठ्याने, सगळ्यांना कळेल अशा हिंदीत बोलले, "मॅडम, माझं चित्र जिन्याखाली पडलंय. ते आधी लावा. मग भोक बुजवू."

एक पाहुणा घड्याळाकडे बघू लागला. मॅडम गोड हसून म्हणाल्या, "शी इज इमोशनल," आणि सगळे चहाकडे वळले. चित्र लागलं नाही. एकानेही विचारलं नाही, कुठलं चित्र म्हणून. आम्ही बापलेक त्या अर्धवट भरलेल्या भोकासमोर उभे राहिलो. अण्णा उलट माझ्यावरच चिडले, "मोठ्या माणसांम्होरं असं बोलत्यात व्हय? तुझं नुकसान करतील की."

मी त्यांना जिन्याखाली नेलं. खुर्च्या सरकवल्या. मोबाइलचा उजेड पाडला. अण्णा खाली बसले आणि बराच वेळ बघत राहिले. देवघराच्या भिंतीवर बोट ठेवलं.

"गुरुजींचे ओघळ बरोबर आलेत बघ," म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "पण हितं कामून ठिवलंय?"

बापापुढे बसून ढसाढसा रडले, दुसरं काय करणार होते? संध्याकाळच्या गाडीने अण्णा गेले. जाताना त्यांनी ते पुन्हा विचारलं नाही.

काल मॅडमचा मेसेज आला. मराठीत. पुढच्या आठवड्यात कार्यक्रम आहे, भिंती तेवढ्या बघ, तुझं पत्रही तयार करते आहे. मी "नाही" एवढंच लिहून पाठवलं. पत्र आता मिळणार नाही, हे मला माहीत आहे.

त्यानंतर विभागप्रमुखांच्या नावाने अर्ज लिहिला. दोन वर्षं भिंती कुणी केल्या, कुणाच्या सांगण्यावरून केल्या, आणि माझं चित्र जिन्याखाली कुणी, का टाकलं. खाली माझं पूर्ण नाव, आडनावासकट. उद्या अकराला ऑफिस उघडतं. तिथे म्हणतील, ठेवून जा, बघू. मी ठेवून जाणार नाही. शिक्का मारलेली पोच हातात पडेपर्यंत त्या टेबलासमोरून मी हलणार नाही.